पूर ओसरला, आता पुढच्या पुराची तयारी: वाचकांचे प्रश्न

कृष्णा, पंचगंगा आणि वाशिष्ठी या नद्यांच्या काठच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. मदत वाटण्यात आणि साफसफाईत महिना गेला आणि तेवढ्यात पुढच्या पुरासाठी लागणारी माहिती पुसली गेली. म्हणून आमच्या बहुतेक उत्तरांत सावरण्याचे काम आणि पुढची तयारी एकत्रच येईल.

प्रश्न: पाणी गावातून उतरले आहे. ग्रामपंचायतीने सर्वांत आधी काय करावे? सगळेच तातडीचे वाटते. (ग्रामपंचायत सदस्य, ता. शिरोळ)

माणसे, पिण्याचे पाणी आणि वीज ही तीन कामे आधी, यात वाद नाही. पण त्याच आठवड्यात दोन माणसे आणि एक रंगाचा डबा वेगळा काढा आणि गावभर पाणखुणा नोंदवा. पुराच्या पाण्याने भिंतीवर सोडलेली गाळाची रेघ पहिल्या जोरदार सरीत किंवा पहिल्या झाडूत जाते. ती गेली की पुढची सगळी चर्चा "आमच्याकडे छातीएवढे होते" यावर चालते आणि त्यावर कोणताही आराखडा उभा राहत नाही.

प्रत्येक गल्लीत निदान एक पक्की खूण करा. देऊळ, शाळा, चावडी, पाण्याची टाकी, पुलाचा खांब अशा न हलणाऱ्या बांधकामावर ऑइल पेंटने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत उतरवा. रेघ घराच्या आतल्या भिंतीवर शोधा. बाहेरच्या भिंतीवर लाटा आणि होड्यांच्या हेलकाव्यामुळे ती अर्धा फूट वर दिसू शकते. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या आणि एका देवळाच्या पायरीला शून्य धरून गावातल्या सखल-उंच जागांची पातळी काढा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते, तो आधी काढा. रस्त्याची सर्वांत खालची जागा, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, पाणीपुरवठ्याचा पंप, शाळेचे जोते, रेशन दुकानाची फरशी आणि सर्वांत सखल पंधरा-वीस घरे एवढी यादी पुरते.

वहीत जागा आणि उंची यांच्यापुढचा तिसरा रकाना सर्वांत मोलाचा आहे: पाणी त्या जागी कधी पोचले. लोकांच्या फोनमधील फोटोंवर तारीख-वेळ असते, ती गोळा करा. त्या वेळी नदीवरच्या सरकारी मोजपट्टीवर किती फूट होते ते शेजारी लिहा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीला आयर्विन पुलावर हेच आकडे 40 आणि 45 फूट आहेत. हे आकडे रेडिओवर ऐकू येतात, पण त्यातून आपल्या गल्लीचे काय हे कळत नाही. तुमच्या वहीने ते कळेल.

शिरोळकरांनी एक काळजी घ्यावी. तुमच्या तालुक्यात पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. त्यामुळे राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरू लागले तरी तुमच्याकडे ते चढतच राहू शकते. एकाच मोजपट्टीवर विसंबू नका. राजाराम बंधारा, आयर्विन पूल आणि नरसोबावाडी असे तीन रकाने ठेवा.

प्रश्न: गावच्या सार्वजनिक विहिरीत पुराचे पाणी गेले. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नेहमीसारखी टाकली, तरी पाण्याला वास येतो. प्रमाण किती असावे? (पाणीपुरवठा कर्मचारी, ता. पलूस)

नेहमीचे प्रमाण इथे चालत नाही. रोजच्या शुद्धीकरणासाठी 1,000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम टीसीएल धरतात. ते स्वच्छ पाण्यासाठी आहे. गाळ आणि कुजका पाला क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी उपसा, मग मोठी मात्रा, मग पुन्हा उपसा, या क्रमाने जा.

उपसा करताना घाई नको. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असते. विहीर एका दमात रिकामी केली तर बाहेरचा दाब आतल्या बांधकामावर येतो आणि दगडी कडे ढासळते. दिवसाला एक-दोन मीटर उतरवा, थांबा, भिंतीतून माती सुटते का पाहा. डिझेल इंजिन विहिरीत किंवा कठड्यालगत ठेवू नका. त्याचा धूर आत साचतो आणि गाळ काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे असलीच पाहिजेत.

गाळ काढल्यावर आत येणारे पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785. मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येते. व्यास 4 मीटर आणि पाणी 5 मीटर असेल तर सुमारे 62,800 लिटर. या वेळी दर लिटरला 20 मिलिग्रॅम क्लोरीन हवे. पावडर ताजी, 33 टक्क्यांची असेल तर 1,000 लिटरला 60 ग्रॅम, म्हणजे या विहिरीला 3.8 किलो. गोदामात ओल लागून ती 25 टक्क्यांवर आली असेल तर 5 किलो. ओल लागून गोळे झालेली पावडर घेऊच नका, तिच्यात किती ताकद उरली आहे याचा अंदाज येत नाही.

पावडर थेट विहिरीत ओतणे ही नेहमीची चूक आहे. प्लास्टिकच्या पिंपात 100 लिटर पाण्याला 1 किलो या प्रमाणात कालवा, दहा मिनिटे निवळू द्या आणि फक्त वरचे पाणी विहिरीत सोडा. खालचा चुना तसाच राहू द्या. काठावरच्या दगडांवर आणि पंपाच्या पाइपांवरही हेच पाणी मारा. तोंडाला ओला कपडा, हातात मोजे. बारा तास विहीर बंद ठेवा, पाटीवर तसे लिहा. मग ते पाणी उपसून टाका, पण ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. नव्याने आलेल्या पाण्याला नेहमीची मात्रा द्या, एक तासाने क्लोरोस्कोपने, म्हणजे उरलेले क्लोरीन दाखवणाऱ्या साधनाने, तपासा. साथीच्या काळात दर लिटरला 0.5 मिलिग्रॅम उरलेले दिसले पाहिजे. त्यानंतर आरोग्य विभागाकडून जिवाणू तपासणी करून घ्या. तोवर पिण्याचे पाणी उकळून किंवा टँकरचे. गढूळ पाण्याला आधी तुरटी फिरवा, मग क्लोरीन.

पुढच्या पुरासाठी कठडा पाणखुणेच्या वर दोन फूट न्या, भोवती उतार असलेला सिमेंटचा ओटा करा आणि पंपाचा स्टार्टर त्याहून उंच बसवा. स्टार्टर बुडाला म्हणून पाणी ओसरल्यावरही कित्येक दिवस नळ कोरडे राहतात, आणि तो उंच बसवायला खर्च फारच थोडा येतो.

प्रश्न: पांढऱ्या मातीच्या भिंती उभ्या आहेत, तडे नाहीत. घरात राहायला जावे का? गिलावा कधी करावा? (ता. करवीर)

लगेच जाऊ नका. मातीची भिंत पाण्यात असताना बाहेरच्या पाण्याचा तिला थोडा आधार असतो. पाणी उतरले की वरचे सगळे ओझे भिजून मऊ झालेल्या तळावर येते. त्यामुळे अनेक घरे ऊन पडल्यावर, दोन-चार दिवसांनी बसतात. कौले किंवा छपराचा भार टेकूवर घ्या. भिंतीच्या बुडाशी चर खणू नका. पाणी काढायचे तर तीन-चार फूट लांबून वाट द्या. बारीक तडा दिसला तर त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख टाका. रेघेची दोन टोके सरकलेली दिसली की घर रिकामे करा.

विटांच्या घरात ओला गिलावा पाणखुणेच्या वर एक फुटापर्यंत खरवडा आणि भिंत उघडी राहू द्या. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात, निदान हिवाळा जाऊ द्या. एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर अजून ओल आहे. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि रंग चढवला की आत अडकलेल्या ओलीने लोणा लागतो आणि वर्षाच्या आत पोपडे सुटतात.

वीज: मुख्य स्विच वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका. बुडालेले एमसीबी (जादा भार आल्यावर वीज तोडणारे स्विच), सॉकेट, स्विच वाळवून वापरता येत नाहीत, आतला गाळ निघत नाही. ते बदलाच. नवे वायरिंग वरून खाली आणा, बोर्ड पाणखुणेच्या वर बसवा, तळमजल्याचा सर्किट वेगळा ठेवा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावा.

प्रश्न: पंचनाम्यात नाव सुटू नये म्हणून काय करावे? (अनेक वाचक)

साफसफाई करण्याआधी फोटो घ्या, यापेक्षा मोठी युक्ती नाही. फोटोत घराचा क्रमांक किंवा ओळखीची खूण, पाणखूण आणि मोजपट्टी दिसू द्या. शेतात गाळ आला असेल तर चार-पाच ठिकाणी खुरप्याने खणून जाडी मोजा. गाळ काढण्याच्या मदतीसाठी तो 3 इंचांपेक्षा जास्त असावा लागतो. "खूप गाळ आला" असे लिहिलेला पंचनामा इथेच अडतो.

2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरलेल्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत पीक नुकसान 33 टक्के किंवा अधिक असल्यास हेक्टरी जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, कमाल 2 हेक्टरपर्यंत, अशी तरतूद होती. गाळ काढायला हेक्टरी 18,000, जमीन खरवडून गेल्यास 47,000, दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000 आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1.20 लाख, डोंगरी भागात 1.30 लाख रुपये. राज्य सरकार स्वतंत्र निर्णयाने यात वाढ करते, तेव्हा आपल्या घटनेला कोणता शासन निर्णय लागू आहे हे तलाठ्याकडून पाहून घ्या.

पैसे अडकतात ते बहुधा कागदांत. सातबाऱ्यावर वारस नोंद नाही, ई-पीक पाहणीत पीकच चढवलेले नाही, बँक खात्याला आधार जोडलेले नाही. यादीत आपल्या नावापुढे विशिष्ट क्रमांक आला की सेवा केंद्रावर ई-केवायसी करावी लागते आणि तिथे पुष्कळ जण थांबतात. ग्रामपंचायतीने चावडीवर यादी लावून सुटलेली नावे एका अर्जात द्यावीत. एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते. भाडेकरू आणि वाट्याने शेती करणारे यांची वेगळी यादी करा, कारण कोणत्याच उताऱ्यावर त्यांचे नाव नसते.

प्रश्न: "धरणाचे चार दरवाजे उघडले" असा मेसेज येतो. त्यावरून आम्ही केव्हा निघायचे हे कसे ठरवावे? (ता. करवीर)

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भोगावतीत येते, म्हणजे चार दरवाजे म्हणजे 5,712 क्युसेक, शिवाय वीजगृहाचा विसर्ग वेगळा. पण पंचगंगेला हे एकच पाणी येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि धरणाखालच्या मोकळ्या रानावरचा पाऊस पूर चढवतो, म्हणून दरवाज्यांच्या आकड्यावर निघण्याची वेळ ठरवू नका. मोजपट्टीवर ठरवा, आणि उलटे मोजा.

समजा तुमचा बाहेर पडण्याचा रस्ता राजाराम बंधाऱ्यावर 44 फूट असताना बुडतो. वहीवरून दिसते की जोराच्या चढात पाणी तासाला 3 इंच वाढते. माणसे, जनावरे आणि सामान हलवायला 12 तास लागतात. बारा तासांत 36 इंच, म्हणजे 3 फूट. निघण्याची पातळी झाली 41. त्यातून रात्रीचा, पावसाचा, बिघडलेल्या ट्रॅक्टरचा एक फूट वजा करा: 40 फूट. हा आकडा चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहा. 40 झाले की कुणाला विचारायचे नाही, कुणाची वाट पाहायची नाही. "2005 ला आमच्या दारात आले नव्हते" या भरवशावर 2019 मध्ये कितीतरी घरे थांबली आणि सांगलीत पाणी 57 फुटांच्या वर गेले.

प्रश्न: लोक गोठा सोडून निघत नाहीत. बोट घ्यावी का? (ता. मिरज)

जनावरांची सोय आधी केली तर माणसे निघतात. हे उलट क्रमाने कधीच झालेले नाही. उंचावरची जागा मे महिन्यात ठरवा. मोठ्या जनावराला साधारण साडेतीन चौरस मीटर छप्पर, दिवसाला 6-7 किलो कोरडा चारा आणि 50-60 लिटर पाणी धरा. शंभर जनावरे दहा दिवस ठेवायची तर सहा-सात टन चारा आणि दिवसाला एक टँकर. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधीच द्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या कळपात रोग शिरल्यावर लस उशिराची ठरते. निघायला वेळच उरला नाही तर दावी कापा. बांधलेले जनावर जागेवर बुडते.

बोट जरूर घ्या, पण ती शेवटचा उपाय म्हणून. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे गेली. रस्ता बंद झाल्यावर एकच बोट उरली की प्रत्येकाला तीच शेवटची फेरी वाटते आणि गर्दी होते. म्हणून बोटीवर माणसांची संख्या रंगवा, तेवढीच लाइफ जॅकेट ठेवा आणि जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बसू देऊ नका. काठावर चढण्याची रांग सांभाळणारा माणूस चालकाहून वेगळा हवा. इंजिन मे महिन्यात पाण्यात चालवून पाहा. पंख्यात गवत, वायर, दोर अडकतात, म्हणून वल्ही आणि कोयता बोटीतच असू द्या. बुडालेल्या ऊसशेतावरून आणि विजेच्या तारांखालून जाऊ नका.

प्रश्न: ऊस आठ दिवस पाण्याखाली होता. मोडावा का? (ता. वाळवा)

पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने, चिरून पाहा. आतला कोंब पांढरा आणि घट्ट असेल तर ऊस वाचेल. चर काढून पाणी बाहेर द्या, पानांवरचा गाळ धुऊन काढा आणि वाफसा आल्यावरच खत द्या. पोंग्यात गाळ बसून शेंडा कुजला असेल तर डोळे फुटून पांगशा (बाजूचे कोंब) येतात, साखर उतरते. असा तयार ऊस कारखान्याला आधी तोडायला लावा आणि कोवळा मोडा.

प्रश्न: आम्ही चिपळूण बाजारपेठेत दुकान चालवतो. कोल्हापूरसारखी दोन-तीन दिवसांची सूचना आम्हाला मिळत नाही. मग तयारी कसली करायची? (चिपळूण)

तुमचा पूर वेगळा आहे हे बरोबर. घाटमाथ्यावरून वाशिष्ठी थोड्या अंतरात खाली उतरते, शिवनदी शहरातून येऊन तिला मिळते, कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येते आणि खाली खाडीची भरती असते. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला आणि चिपळूणला पहाटे जाग येईतो बाजारपेठ पाण्यात होती. तासांच्या हिशेबाने जगणाऱ्या गावाने माल हलवण्याची योजना करू नये. माल मुळातच वर ठेवावा.

जून ते सप्टेंबर महागडा आणि भिजल्यावर वाया जाणारा माल 2021 च्या पाणखुणेच्या वरच राहील अशी मांडणी करा. खाली फक्त धुऊन विकता येईल असा माल. जिथे पोटमाळा पाणखुणेच्या खाली आहे, तिथे शेजारच्या दोन-चार दुकानांनी मिळून वरच्या मजल्यावर खोली घ्यावी. इन्व्हर्टर, बॅटरी, संगणक वर. हिशेबाची प्रत रोज ऑनलाइन. शटरचे कुलूप बाहेरून एकट्याला उघडता येईल असे. मोठी भरती आणि अतिवृष्टीचा इशारा एका रात्री आले तर कुणीतरी जागे राहायचे, ही पाळी बाजारपेठेने लावून घ्यावी.

विम्याकडे नीट पाहा. पुराचा धोका पॉलिसीत आहे का हे आधी वाचा. मग रक्कम पाहा. दुकानात 20 लाखांचा माल आणि विमा 10 लाखांचा असेल, तर 8 लाखांच्या नुकसानीवर प्रमाणात कपात होऊन 4 लाखच हाती येतात. सणासुदीआधी माल वाढतो तेव्हा रक्कमही वाढवून घ्या. पूर आलाच तर सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. आरोग्यासाठी फेकावाच लागला तर नगरपालिकेच्या नोंदीसह, फोटो काढून.

प्रश्न: गाव उठवून दुसरीकडे न्यावे अशी चर्चा आहे. पूर्वी भूखंड मिळालेल्या गावांतले लोक परत जुन्या घरात आले. मग उपयोग काय? (ता. शिरोळ)

ते का परतले, हे आधी विचारा. भूखंड मिळाला पण गोठ्याला जागा नाही. शेत चार-पाच किलोमीटर लांब. रस्ता-पाणी नंतर येणार असे सांगितले ते आलेच नाही. एका घरात तीन भाऊ आणि भूखंड एक. उतारा नावावर झाला नाही म्हणून बँकेने कर्ज दिले नाही. पुण्यात 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटल्यावर वसवलेल्या पूरग्रस्त सोसायट्यांत जमिनीच्या मालकीचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. तेव्हा भूखंड घेताना उतारा पती-पत्नी दोघांच्या नावे, रस्ता, पाणी, वीज आणि सामाईक गोठा या अटी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.

आमचे स्पष्ट मत: सगळे गाव एकदम हलवण्याचा हट्ट धरू नका आणि काहीच न हलवण्याचाही धरू नका. आधी गावाची हाडे हलवा. शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, दूध संस्था, ट्रान्सफॉर्मर आणि पाण्याचा पंप उंचावर गेले तर पुरातही गाव चालते आणि नव्या जागेवर वर्दळ सुरू होते. त्यामागे सर्वांत सखल घरे. पाटबंधारे विभागाच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवे बांधकाम होऊ देऊ नका. लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. त्या दोहोंमध्ये बांधायचेच तर जोते उंच हवे. या रेषांचा नकाशा मागवून तुमच्या पाणखुणांशी ताडून पाहा. फरक दिसला तर मापांसह लेखी कळवा.

जुन्या घराचे काय करायचे हेही आत्ताच ठरवा. ते तसेच उभे राहिले की भाड्याने जाते आणि गावातले सर्वांत गरीब कुटुंब तिथे राहायला येते. पुढच्या पुरात बोट त्यांच्यासाठी पाठवावी लागते. जुनी जागा कडब्याला, खळ्याला, भाजीपाल्याला वापरावी असे ठरावातच असू द्या.

प्रश्न: आराखडे होतात आणि कपाटात पडतात. ते अमलात यावेत म्हणून काय करावे? (सरपंच, जि. सांगली)

पैशाच्या तक्त्यात नसलेले काम होत नाही. गाव विकास आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून सुरू होतात, म्हणजे पूर ओसरून जेमतेम दोन महिने झालेले असतात. पाणखुणांची वही त्या सभेत मांडा आणि तिच्यातून चार-पाच कामे नावानिशी काढा: स्टार्टर उंच करणे, विहिरीचा कठडा, रस्त्याच्या सखल तुकड्यावर मोरी, जनावरांची शेड, मोजपट्टीचा खांब. विहीर, पंप आणि गटार ही कामे वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेच्या बंधित (त्याच कामासाठी राखलेल्या) निधीत बसवता येतात. रस्ता आणि शेडसाठी जिल्हा परिषद आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मापांसह प्रस्ताव द्या.

माणसेही नावानिशी ठरवा. शाळेची किल्ली कुणाकडे, त्याच्या गैरहजेरीत कुणाकडे. अंथरुणाला खिळलेल्या, गरोदर आणि डायलिसिसवर असलेल्यांची यादी आशाताईंकडे, आणि त्यांच्यासमोर नेणाऱ्या वाहनाचे नाव. निघण्याच्या पातळीच्या दोन फूट आधी, म्हणजे वरच्या उदाहरणात 38 फुटांवर, पाणी आले की या लोकांना इतरांच्या आधी हलवायचे, असा वेगळा आकडा ठेवा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी प्रत्यक्ष करून पाहा: बोट पाण्यात, शेड उघडी, भोंगा वाजवून शेवटच्या घरापर्यंत ऐकू येतो का ते तपासून. ऐकू येत नसेल त्या गल्लीसाठी जाऊन सांगणाऱ्या दोघांची नावे वहीत वाढवा.